यादवीची पूर्वसूचना : एका चित्राचे पश्चात् वाचन

नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापला त्या काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत फ्रान्सिस्को गोया याने जी मुद्राचित्रे कोरली, ती 'युद्धाच्या आपत्ती' या नावाने ओळखली जातात. त्यांतील एका चित्रात गावकरी पळत सुटले आहेत, एक आई मागे राहिलेल्या मुलाला ओढून घेते आहे. आणि चित्राखाली 'मी हे पाहिले' अशा अर्थाचे अगदी थोडके शब्द आहेत. ही मालिका गोयाच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. तो १८२८ मध्ये वारला आणि चित्रे १८६३ मध्ये छापली गेली. म्हणजे साक्ष दिली गेली ती न्यायालय भरण्याच्या कितीतरी आधी, आणि ती ऐकली गेली तेव्हा साक्षीदार उरला नव्हता. त्या मथळ्यात स्वतःच्या द्रष्टेपणाचा दावा नाही. जे समोर घडले ते पाहण्यापुरतेच कर्तृत्व तेथे चित्रकाराने आपल्याकडे घेतले आहे.

साल्वादोर दालीच्या 'उकडलेल्या घेवड्यांसह मऊ रचना' या १९३६ च्या चित्राला जे उपशीर्षक चिकटलेले आहे, ते याच्या नेमके उलट आहे. 'यादवी युद्धाची पूर्वसूचना' असे म्हणणारा चित्रकार 'मी हे पाहिले' असे म्हणत नाही; 'मी हे पाहिले होते' असे म्हणतो. मराठी व्याकरणात या दोन वाक्यांत एका सहायक क्रियापदाचा फरक आहे. कलाकृती आणि इतिहास यांच्या संबंधाच्या दृष्टीने मात्र हा फरक साक्षीदार आणि भविष्यवेत्ता यांच्यातला आहे. साक्षीदाराला उलटतपासणीला सामोरे जावे लागते. भविष्यवेत्त्याच्या बाजूने खुद्द घटनाच उभी राहते, आणि मग त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

हे चित्र, त्याच्याकडे मागे वळून पाहणारा दाली आणि त्या मागे वळून पाहण्याने चित्राच्या अर्थात झालेली उलथापालथ, या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या करून पाहण्याची गरज आहे. बहुतेक कलेतिहासांत त्या एकत्र कालवल्या जातात. अतिवास्तववादी युद्धविरोधी चित्रकलेचा नमुना म्हणून या चित्राचा उल्लेख होतो तेव्हा त्यातील 'युद्धविरोधी' हे विशेषण चित्रातून आलेले असते, की चित्रकाराच्या पुढील निवेदनातून, हे सहसा विचारले जात नाही.

प्रथम चित्र. जेमतेम एक मीटर लांब आणि तितकाच रुंद असा हा कॅनव्हास आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात, आरेन्सबर्ग दांपत्याच्या संग्रहातून आलेल्या चित्रांत आहे. दाली बत्तीस वर्षांचा असतानाचे हे काम. आम्पुर्दानच्या सपाट, करपलेल्या भूमीवर एक प्रचंड देह उभा आहे. उभा आहे म्हणण्यापेक्षा स्वतःच्याच अवयवांवर कसाबसा तोललेला आहे. धड जेथे असावयास हवे तेथे आभाळ आहे. हात, मांडी, पाऊल आणि नितंब यांची एक वेडीवाकडी चौकट तयार झाली असून त्या चौकटीतून ढगांनी भरलेले निळे-हिरवे आकाश दिसते. वर मागे झुकलेले मस्तक आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव वेदनेचा की विकट हास्याचा, हे ठरवता येत नाही. एक काळवंडलेली मूठ स्तन पिळते आहे. दुसरा हात खाली जमिनीवर आडवा पडून मुळासारखा वळला आहे. एका पावलाला आधार आहे तो एका लहानशा कपाटवजा पेटीचा. आणि खाली, या सगळ्या मांसल उत्पाताच्या पायथ्याशी, उकडलेले घेवडे विखुरले आहेत.

शीर्षकातील 'मऊ' हा शब्द महत्त्वाचा आहे. समीक्षालेखनात अशा ठिकाणी 'मृदू' लिहिण्याचा मोह होतो. पण मृदुता हा स्वभावाचा, वाणीचा, फार तर स्पर्शाचा गुण आहे. मऊपणा मात्र बोटाने दाबून पाहण्याचा, दाताखाली येण्याचा गुण आहे. भात मऊ होतो, घेवडा मऊ शिजतो. दालीच्या १९३१ च्या प्रसिद्ध चित्रातील ओघळणारी घड्याळे याच अर्थाने मऊ आहेत. जे कठीण, मोजता येण्याजोगे आणि विश्वसनीय असावे ते खाण्याजोगे होऊन बसले आहे. 'रचना' हा शब्द याच्या विरोधी टोकाचा आहे. त्यात बांधकाम आहे, तोल आहे, भार पेलणे आहे. मऊ रचना म्हणजे जिच्यावर भार टाकता येणार नाही अशी इमारत. चित्रातील देह कोसळत कसा नाही, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो आणि त्याचे उत्तर मिळत नाही. तो एकमेकांना फाडणाऱ्या अवयवांच्या ताणावरच उभा आहे. ताण सुटला तर देह पडेल. चित्रातील सर्वात भयंकर गोष्ट ही आहे, आणि ती कोणत्याही उपशीर्षकाशिवाय दिसते.

या देहाचा शत्रू चित्रात नाही. मारणारा हात आणि मार खाणारे अंग एकाच शरीराचे आहेत. शस्त्र नाही, गणवेश नाही, ध्वज नाही, विमान नाही. १९३७ मध्ये पिकासोने 'गेर्निका' रंगवले तेव्हा त्यानेही विमान काढले नाही, हे खरे. परंतु त्या चित्राचे शीर्षक एका गावाचे नाव आहे, आणि त्या गावावर २६ एप्रिल १९३७ रोजी बाँब टाकणारी विमाने कोणाच्या बाजूने लढत होती हे पॅरिसच्या प्रदर्शनात चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. गावाचे नाव शीर्षकात येताच चित्राला तारीख मिळते, तारखेबरोबर अपराधी मिळतो. 'पूर्वसूचना' या शब्दाने तारीख मिळत नाही. उलट असलेली तारीख पुसट होते.

दालीचे चित्र कोणत्या तारखांमध्ये घडले ते पाहू. ऑक्टोबर १९३४ मध्ये दाली आणि गाला बार्सिलोनात होते. त्याच वेळी कॅटलोनियाच्या स्वायत्त शासनाने बंडाचा पवित्रा घेतला आणि तो काही तासांत मोडून काढला गेला. उत्तरेकडे आस्तुरियासमध्ये खाणकामगारांचा उठाव मोरोक्कोतून आणलेल्या सैन्याकरवी चिरडण्यात आला. दाली आणि गाला मोटारीने फ्रान्सच्या सीमेकडे निसटले. फेब्रुवारी १९३६ मधील निवडणुकीत लोकआघाडी विजयी झाली, आणि जुलैच्या १७-१८ तारखांना सेनानींनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड पुकारले. युद्ध १ एप्रिल १९३९ पर्यंत चालले. या क्रमाकडे पाहिले असता असे दिसते, की १९३४ ते १९३६ या दोन वर्षांत रक्तपात होणार हे ओळखण्यासाठी स्पेनमध्ये कोणालाही अतींद्रिय शक्तीची जरुरी नव्हती. तो एकदा झालेला होता. दालीने तो जवळून पाहिला होता, भ्याला होता आणि पळाला होता. गोयाच्या शब्दांत 'मी हे पाहिले' असे म्हणण्याचा थोडासा अधिकार त्याला या पलायनाने दिलाही होता. तो त्याने वापरला नाही. साक्षीपेक्षा भविष्यवाणीची प्रतिष्ठा त्याला मोठी वाटली असावी.

चित्र युद्धापूर्वी सहा महिने पूर्ण झाले होते, हे दालीचे सांगणे त्याच्या 'साल्वादोर दालीचे गुप्त जीवन' या १९४२ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात येते. 'पूर्वसूचना' हे शब्द शीर्षकात युद्ध सुरू झाल्यावरच आले असावेत, असे दालीच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. एकीकडे चित्रकाराचा शब्द, दुसरीकडे अभ्यासकांचा संशय असा हा वाद आहे आणि तो केवळ कालनिश्चितीचा समजून सोडून देता येत नाही. समजा, दाली खरे बोलतो आहे. चित्र जानेवारीतच पूर्ण झाले, नावही तेव्हाच सुचले. तरीही १९४२ मध्ये त्या गोष्टीचे जे कथन तो करतो, त्या कथनाचा अर्थ १९४२ चाच राहतो. तेव्हा तो अमेरिकेत होता. जर्मन सैन्य फ्रान्समध्ये आले तेव्हा त्याने युरोप सोडला होता. अतिवास्तववादी गटाशी त्याचे संबंध संपले होते. आन्द्रे ब्रतों याने त्याच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून त्याला 'डॉलरांचा हावरा' ठरवले होते. हिटलरविषयीच्या त्याच्या विचित्र आकर्षणाबद्दल १९३४ च्या फेब्रुवारीत गटापुढे त्याची झडती झाली होती, आणि तोंडात तापमापक धरून दाली त्या झडतीला हजर राहिला होता. त्याचा मित्र फेदेरिको गार्सिया लोर्का १९३६ च्या ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ बंडखोरांकडून मारला गेला होता. या पार्श्वभूमीवर चाळिशीही न गाठलेला माणूस आत्मचरित्र लिहितो आणि त्यात सांगतो की हे सर्व आपण आधीच रंगवून ठेवले होते.

या कथनातील मुख्य सूत्र असे, की यादवी युद्ध ही दालीच्या मते निसर्गेतिहासातील घटना होती. पिकासोसारख्यांनी तिच्याकडे राजकीय घटना म्हणून पाहिले, आपण मात्र तिच्यामागील जैविक, आदिम सत्य जाणले, अशी त्याची भूमिका आहे. लोर्काच्या मृत्यूलाही तो राजकारणातून सोडवून घेऊ पाहतो. लोर्का हा अत्यंत अराजकीय माणूस होता यावर त्याचा भर आहे. हे वरवर पाहता मित्रप्रेम वाटते. पण मारलेला माणूस अराजकीय होता असे म्हटल्याने मारणारे अराजकीय ठरत नाहीत, एवढी साधी गोष्ट या मांडणीतून निसटते. नेमक्या याच जागी 'पूर्वसूचना' हा शब्द आपले काम करतो. भूकंपाची, वादळाची, रोगाची पूर्वसूचना असू शकते. कटाची पूर्वसूचना मिळाली तर तिला खबर म्हणतात, आणि खबर मिळालेल्या माणसाला 'मग तू काय केलेस?' असा प्रश्न विचारता येतो.

हा प्रश्न त्या काळी एका माणसाने विचारलाही. स्वतः स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने लढलेल्या आणि १९३७ मध्ये गळ्याला गोळी लागलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४४ मध्ये दालीच्या आत्मचरित्रावर निबंध लिहिला. यादवी युद्धात दालीने कोणतीच बाजू घेतली नाही, त्या काळात तो इटलीत फिरला, आणि पुढे धोका जवळ येताच फ्रान्समधून निघून गेला, याकडे ऑर्वेल बोट दाखवतो. त्याचबरोबर दाली उत्तम रेखनकार आहे हेही तो नाकारत नाही. कलावंत म्हणून त्याला नीतीच्या कायद्यापासून सूट द्यावी की नाही, हा त्याच्या निबंधाचा खरा विषय आहे. ऑर्वेलच्या निबंधाची मर्यादा एवढीच, की त्यात माणूस आणि त्याचे कसब यांचा विचार आहे, चित्राचा नाही. प्रस्तुत चित्र त्याच्या हिशेबात फारसे येत नाही. त्यामुळे दालीने चित्राभोवती उभारलेल्या कथनाचा समाचार घेतला गेला, पण त्या कथनाने चित्राचे काय झाले हा प्रश्न शिल्लक राहिला.

साहित्यसमीक्षेला हा प्रश्न परका नाही. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला प्रमाण मानणे हा तर्कदोष ठरवल्यापासून, कलावंत आपल्या कृतीविषयी काय सांगतो याला समीक्षेने शिष्टाचारापुरतेच स्थान दिले, निदान तत्त्वतः. व्यवहारात मात्र नव्या आवृत्तीला जोडलेले मनोगत, मुलाखतीतील एखादे वाक्य, सत्काराच्या भाषणातील आठवण यांवर मराठीत अजून प्रबंधांची प्रकरणे उभी राहतात. जेरार जनेत याने १९८७ मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ, लेखकाची पुढील निवेदने अशा उपसंहितांचा विचार उंबरठ्याच्या रूपकातून केला. वाचक कृतीत शिरतो तो या उंबरठ्यांवरून. जनेतची मांडणी येथे उपयोगी आहे. कारण दालीचे उपशीर्षक हा असा उंबरठा आहे, की जो घर बांधून झाल्यावर आणि त्याला आग लागल्यावर बसवला गेला असण्याची शक्यता आहे. तथापि जनेतच्या वर्गीकरणातून हे कळत नाही, की नंतर आलेली उपसंहिता आधीच्या कृतीचा अर्थ नुसता सुचवते, की तिचा भूतकाळच बदलते.

त्यासाठी फ्रॉइडकडे जावे लागते, आणि दालीच्या संदर्भात ते अप्रस्तुतही नाही. दाली फ्रॉइडचा निःसीम चाहता होता. जुलै १९३८ मध्ये लंडनला तो त्याला भेटूनही आला. फ्रॉइडच्या विचारात एक संकल्पना आहे, तिला मराठीत 'उत्तरार्थन' म्हणता येईल. बालपणीचा एखादा प्रसंग घडताना निरर्थक असतो. कित्येक वर्षांनी दुसरे काही घडते आणि त्या पहिल्या प्रसंगाला त्याचा आघात प्राप्त होतो. आघात पहिल्या क्षणी नव्हता आणि दुसऱ्या क्षणी तो आयताही आला नाही. दोहोंच्या मधल्या अंतरात तो तयार झाला. दाली ज्याला पूर्वसूचना म्हणतो ते बारकाईने पाहिल्यास उत्तरार्थन आहे. ऑक्टोबर १९३४ ची भीती, शरीर फाडण्याचे आणि खाण्याचे त्याचे जुने ध्यास, आम्पुर्दानचे आभाळ, हे सर्व चित्रात आहे. जुलै १९३६ नंतर हे सर्व 'स्पेन' झाले. चित्राने युद्ध ओळखले असे म्हणण्यापेक्षा युद्धाने चित्र ओळखले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. यात चित्राचा कमीपणा नाही. दालीला मात्र हा क्रम उलटा करून हवा होता, कारण उत्तरार्थनात कलावंत हा अर्थाचा स्वामी राहत नाही, आणि पूर्वसूचनेत तो एकटाच स्वामी असतो.

शिवाय दालीने स्वतः पुरस्कारलेली जी भ्रमविकारी-चिकित्सक पद्धती, तिचा गाभाही हाच आहे. भ्रमविकाराचा रोगी जगातली प्रत्येक वस्तू आपल्या एका ध्यासाचा पुरावा म्हणून वाचतो. त्याच्या वाचनात कोणतीही गोष्ट योगायोगाची राहत नाही. या रोगाची ही अर्थनिर्णयाची शक्ती जाणीवपूर्वक वापरावी, एका आकृतीत दुसरी आकृती पाहावी, हे दालीने १९३० पासून मांडले. 'गुप्त जीवन' हा ग्रंथ या पद्धतीचा स्वतःच्या भूतकाळावर केलेला प्रयोग होय. त्यात जे काही घडले ते दालीच्या प्रतिभेचा पुरावा म्हणूनच घडले. अगदी देशाचे युद्धसुद्धा. कॅनव्हासवर या पद्धतीने दोन प्रतिमांमध्ये पाहणाऱ्याला हेलकावे मिळतात, एक दिसते तेव्हा दुसरी हरवते, आणि त्यातच तिचे कलामूल्य आहे. आत्मचरित्रात हेलकावा थांबतो. तेथे एकच वाचन उरते आणि ते लेखकाचे असते.

आता मराठी वाचकापुढे एक वेगळीच अडचण आहे, आणि तिचा विचार आपल्याकडे झालेला दिसत नाही. उपशीर्षकाचे भाषांतर आपण 'यादवी युद्धाची पूर्वसूचना' असे करतो. दुसरा शब्द सहज सुचतही नाही. स्पॅनिश वा इंग्रजी शब्दात नागरिक आहे. एकाच राज्याचे नागरिक परस्परांशी लढतात, म्हणजे त्या शब्दाच्या मुळाशी राज्य, कायदा आणि नागरिकत्व गृहीत आहे. आपल्या 'यादवी'च्या मुळाशी मौसलपर्व आहे. ऋषींचा शाप, सांबाच्या पोटी आलेले मुसळ, ते कुटून त्याचा चुरा समुद्रात फेकणे, किनाऱ्यावर उगवलेले एरका नावाचे गवत आणि प्रभासक्षेत्री मद्यधुंद यादवांच्या हातात त्याच गवताचे झालेले मुसळ. तेथेही शत्रू बाहेरचा नाही. कुळ कुळाला संपवते. तेथेही आधी अपशकुन होतात, आणि त्याही आधी, छत्तीस वर्षांपूर्वी, गांधारीने शाप दिलेला असतो. कृष्ण ते सारे जाणतो आणि थांबवीत नाही. म्हणजे 'यादवी' या शब्दात नातेवाइकांचा संहार आहे, अटळपणा आहे आणि पूर्वसूचनाही आहे. 'यादवीची पूर्वसूचना' ही मराठीत जवळजवळ द्विरुक्ती होते.

परिणाम असा होतो, की दालीला जे सिद्ध करण्यासाठी आत्मचरित्र लिहावे लागले ते मराठी भाषा त्याला एका शब्दात बहाल करते. स्वतःचे अवयव फाडणारा देह पाहताना 'यादवी' हा शब्द इतका चपखल बसतो, की चित्र या शब्दाचेच चित्रण वाटू लागते. पण १९३६ चा स्पेन शापग्रस्त नव्हता. सेनानींनी निवडून आलेल्या शासनाविरुद्ध कट केला होता. त्यांना जर्मनी आणि इटलीतून विमाने, सैनिक, दारूगोळा मिळाला. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हस्तक्षेप न करण्याचे धोरण स्वीकारले. यातील प्रत्येक गोष्ट माणसांनी ठरवून केली होती आणि न करणेही त्यांना शक्य होते. हे सारे 'यादवी' या शब्दात मावत नाही. फाळणीच्या काळातील हत्याकांडांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले गेले, त्यातही हाच शब्द आणि हीच अटळपणाची छाया अनेकदा येऊन गेली आहे. भाषेने हाती दिलेले रूपक नाकारणे सोपे नसते. निदान ते काय लपवते याची नोंद तरी ठेवावी लागते.

येथे माक्स अर्न्स्टची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याचे 'चुलीजवळचा देवदूत' हे चित्र १९३७ चे. मोकळ्या मैदानावर रंगीबेरंगी चिंध्यांचा एक अजस्र प्राणी, दात विचकून, पाय आपटीत, थयथयाट करीत निघाला आहे. पुढे कित्येक वर्षांनी या चित्राकडे मागे वळून पाहताना अर्न्स्टने स्पेनमधील प्रजासत्ताकाच्या पराभवाशी त्याचा संबंध जोडला. शीर्षक उपरोधिक असून वाटेत येईल ते तुडवणाऱ्या एका धटिंगणाला ते दिले आहे, असा खुलासा केला. आणि जगात काय होणार याचा आपला अंदाज खरा ठरला, असेही म्हटले. वरवर पाहता हाही द्रष्टेपणाचा दावाच आहे. आणि पराभवाचा उल्लेख तपासला तर तोही उत्तरार्थनाचाच प्रकार निघतो, कारण १९३७ मध्ये युद्ध चालू होते आणि प्रजासत्ताक अद्याप हरले नव्हते. आठवणीने येथेही कालक्रम सरकवला आहे.

तरीही दोन्ही पश्चात् निवेदने एका मापाने मोजता येत नाहीत. अर्न्स्टने पहिल्या महायुद्धात तोफखान्यात नोकरी केली होती, आणि आत्मचरित्रात्मक टिपणांत युद्धाची ती चार वर्षे त्याने स्वतःच्या मृत्यूचा काळ म्हणून नोंदवली. नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला 'अधःपतित कले'चे प्रदर्शन भरवले, त्यात त्याचे चित्र होते; १९३९ मध्ये फ्रान्सने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत ठेवले. हे चरित्र चित्राच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा नव्हे. मुद्दा निवेदनाच्या दिशेचा आहे. अर्न्स्टचे मागे पाहणे चित्रातील प्राण्याला एक नाव देते, म्हणजे ते बोट बाहेरच्या कुणाकडे रोखलेले आहे. दालीचे बोट स्वतःकडे वळते. हेच चित्र १९३८ मध्ये 'अतिवास्तववादाचा विजय' या नावानेही दाखवले गेले होते, आणि युरोपवर संकट येत असताना त्या नावातला कडवट विनोद किती जणांना कळला असेल कोणास ठाऊक. अखेर टिकले ते घरगुती नाव. चूल ही घरातली सर्वात सुरक्षित जागा, आणि देवदूत म्हणून तेथे हा राक्षस. मोठ्या नावाकडून लहान नावाकडे झालेला हा प्रवास दालीच्या शीर्षकाच्या प्रवासाच्या नेमका विरुद्ध आहे. तेथे घेवडे होते, त्यांच्यावर राष्ट्राचे भवितव्य येऊन बसले.

घेवड्यांबद्दल दालीने दिलेले स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. एवढे मांस गिळायचे तर तोंडी लावायला एखादी पिठूळ, उदासवाणी भाजी हवीच, असा त्याचा आशय. हा विनोद आहे. पण त्याच्या साऱ्या निवेदनातील हीच एक जागा अशी आहे की जिथे चित्रकार भविष्यवेत्त्यावर मात करतो. उकडलेला घेवडा हे गरिबाचे, रोजचे, कॅटलोनियाच्या कोणत्याही घरात शिजणारे अन्न. देह फाटत असताना तो जमिनीवर सांडला आहे. 'पूर्वसूचना' या शब्दाच्या प्रकाशात त्याचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही, म्हणून बहुतेक विवेचने त्याचा उल्लेख करून पुढे जातात. तो युद्धाचे प्रतीक होत नाही, बलिदानाचेही होत नाही. युद्धात पहिल्या दिवसापासून ज्याची चणचण भासते अशी ती वस्तू आहे, एवढेच म्हणता येईल.

ज्या अर्थाने हे चित्र युद्धविरोधी म्हणता येते तो अर्थ या घेवड्यांपासून सुरू होतो, उपशीर्षकापासून नव्हे. शत्रूचे नाव नसलेले चित्र युद्धाला विरोध कसा करील, हा आक्षेप दालीच्या कथनाला लागू पडतो. चित्राला तो पूर्णपणे लागू पडत नाही. कथन म्हणते, हे होणारच होते. चित्र असे काहीच म्हणत नाही. ते ताण दाखवते, आणि ताण म्हणजे अद्याप न झालेली गोष्ट. देह अजून पडलेला नाही. पुढे दाली १९४८ मध्ये फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला, त्या राजवटीचे त्याने गोडवे गायिले, १९७५ मध्ये झालेल्या देहदंडांचेही जाहीर समर्थन केले. त्या दालीला त्याच्याच चित्रातील हा अनिर्णय पेलला नसता. म्हणून कदाचित १९४२ मध्येच त्याने तो निकालात काढला.

मराठी समीक्षेत 'द्रष्टा' हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. कवी हा क्रांतदर्शी असतो या जुन्या श्रद्धेला आधुनिक इतिहासाची जोड देऊन, अमुक कवीने आणीबाणी आधीच पाहिली, तमुक कादंबरीकाराने दंगली आधीच पाहिल्या, अशी विधाने आपण करतो, आणि ती करताना लेखकाचा गौरव केल्याचे समाधान मिळते. दालीच्या प्रकरणावरून दिसते, की असा गौरव कृतीला महाग पडतो. कृतीत जे अनिश्चित, विसंगत, हास्यास्पद असेल ते सारे भविष्यवाणीच्या बाहेर राहते आणि हळूहळू दिसेनासे होते.

तसे दिसेनासे झालेले एक माणूसही या चित्रात आहे. डाव्या बाजूला, जमिनीवर वळलेल्या त्या काळपट हातामागून, एक दाढीवाला इवलासा माणूस डोकावतो आहे. कोट घातलेला, मान खाली. हाच माणूस दालीच्या १९३६ च्याच आणखी एका चित्रात येतो. तेथे तो आम्पुर्दानचा औषधविक्रेता असून, चित्राच्या नावाप्रमाणे, काहीही म्हणजे काहीही शोधत नाही. त्याच्या डोक्यावर आभाळाएवढा देह स्वतःला फाडतो आहे. तो वर पाहत नाही. तो पळतही नाही.